दोन सभासदांचा देश

माझी पहिली नोकरी मुंबईच्या आर्मेनियन मंडळात होती. मंडळाचे सभासद दोन, आणि ते एकमेकांशी बोलत नसत. मॅट्रिक झाल्यावर मी ठाकूरद्वारच्या एका टायपिंग क्लासात नाव घातलं होतं. तिथे मशीन अर्धाच तास मिळायचं, तेही ज्याच्या कळा चिकटत ते. आमच्या चाळीच्या मागे, खोताच्या वाडीला लागून एक दुमजली लाकडी घर होतं. त्या घराच्या जिन्याखाली एक जुना टाइपरायटर पडून होता. वरच्या मजल्यावरच्या हेरंबकाकांनी एकदा आईला म्हटलं, "पोरीला पाठवा. आमची चार पत्रं करून देईल, तिचाही हात बसेल." आईने विचारलं, "इंग्रजीतच असतात ना?" ते म्हणाले, "इंग्रजीतच. आमच्या भाषेत लिहिलं तर भांडण आणखी वाढतं." आईला ते विनोदाने बोलले असं वाटलं.

हेरंबकाकांचं खरं नाव हरांत. पण ते पियानो आणि हार्मोनियम लावून देत. नाटकवाल्यांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या, आणि त्या मंडळींनी हरांतचं हेरंब करून टाकलं. त्यांनी ते मुकाट्याने पत्करलं, इतकं की चाळीच्या गणपतीला पहिला हार त्यांचा असे. त्यांचं घराणं इस्फहानकडून कलकत्त्याला आलेलं, हिंदुस्थानात चार पिढ्या झालेल्या. स्वतःचा देश त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. खालच्या मजल्यावर त्यांची भावजय सिरानुश राहायची. वाडी तिला पारशीण समजून शिरीनबाई म्हणे, मी मादाम म्हणायची. ती मात्र खरीच तिकडची होती. वान नावाच्या सरोवराकाठी तिच्या बापाचं घर आणि जर्दाळूची झाडं होती. कत्तली सुरू झाल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती. कुणाकुणाच्या हाताला धरून, तंबूंतून आणि अनाथाश्रमांतून ती कलकत्त्याला पोचली, तिथे हेरंबकाकांच्या थोरल्या भावाशी तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर ती मुंबईला आली. नवरा वारल्यावर त्या घरात दीर आणि भावजय, एवढेच उरले. मंडळाचे बाकीचे सभासद तोवर काही स्वर्गाला आणि काही ऑस्ट्रेलियाला गेले होते.

भांडण इतिहासाचं होतं. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या लोकांनी एक स्वतंत्र प्रजासत्ताक उभं केलं. ते जेमतेम अडीच वर्षं टिकलं, मग लाल सैन्य आलं आणि तो मुलूख सोव्हिएत झाला. मादामचं म्हणणं, ती अडीच वर्षं हाच खरा देश. नंतरचं सगळं म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणं. शिवाय तिचं वान तर त्या मुलखातही नव्हतंच, ते सीमेपलीकडे राहिलं होतं. हेरंबकाकांचं म्हणणं, लाल सैन्य आलं नसतं तर आर्मेनियन माणूस फक्त पुस्तकात सापडला असता. आज तिथे शाळा आहेत, धरणं आहेत, ऑपेरा आहे, रस्त्यांच्या पाट्या आपल्या लिपीत आहेत. मेलेल्या प्रजासत्ताकाचं सुतक किती दिवस पाळायचं? राष्ट्रीय दिन कुठला साजरा करायचा यावर मंडळाच्या सभेत रीतसर मतदान झालं. एक विरुद्ध एक. मग अध्यक्ष म्हणून हेरंबकाकांनी आपलं जादा मत टाकलं, आणि चिटणीस मादामने राजीनामा न देता मंडळच फोडलं. तेव्हापासून वरचं मंडळ आणि खालचं मंडळ अशी दोन मंडळं झाली. रबरी शिक्का मात्र एकच. तो मी पदराआड धरून जिन्याने वर-खाली न्यायची, कारण एकाने वापरलेला शिक्का दुसऱ्याने लगेच वापरला असं दिसता कामा नये.

मला या कामाचं फारसं नवल वाटत नव्हतं, कारण आमच्या घरात तेच चाललं होतं. आप्पा गिरगावातल्या एका शाळेत इतिहास शिकवत. आम्ही मूळचे कारवारकडचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. आप्पांनी शाळेच्या पुठ्ठ्यावर एक मोठा नकाशा काढून बाहेरच्या खोलीत लावला होता, त्यात मुंबई, बेळगाव, निपाणी आणि खाली टोकाला कारवार, सगळं एकाच भगव्या रंगात. तो रंग त्यांनी इतका जाड दिला होता की पावसाळ्यात त्याचे पोपडे पडत आणि आई केर काढताना म्हणे, "अहो, बेळगाव पडलं." सकाळी पाच वाजता प्रभातफेरीचे डफ खिडकीखालून जायचे, त्यामागोमाग पाववाल्याची घंटा, आणि मग स्वयंपाकघरात खोबरं वाटणाऱ्या रगड्याची घरघर. आईचा भाऊ, आमचा दादरचा मामा, सत्तेतल्या पक्षाचा. डोक्यावर पांढरी टोपी, आणि मत असं की मुंबई सगळ्यांची आहे. आप्पा त्याच्याशी बोलत नसत. तो जेवायला आला की आप्पा म्हणायचे, "पाहुण्यांना विचार, शिलाहार राजे काय गुजराती होते?" आई आमटीची पळी धरून म्हणायची, "दादा, आमटी वाढू?" इतिहास ताटापर्यंत येऊ न देण्याची तिची ही पद्धत पुढे मला फार उपयोगी पडली.

मी कामाला लागून वर्ष झालं असेल तेव्हा हेरंबकाकांनी मायदेशी परत जायचं ठरवलं. ज्या देशात ते कधी गेलेच नव्हते, तिथे परत. तिकडचं सरकार जगभर पांगलेल्या आपल्या लोकांना बोलावत होतं, थोड्याच वर्षांपूर्वी बोटी भरभरून लोक गेले होते. आता बोटी थांबल्या होत्या, पण अर्ज केला तर एकट्यादुकट्याला नेत. मी त्यांची सहा पत्रं टाइप केली. पेट्या दुरुस्तीची हत्यारं त्यांनी एका ट्रंकेत भरली, वरचा मजला सोडायचा म्हणून घरमालकाला कळवलं, टाइपरायटर मला देऊन टाकायचा ठरला. एकदा गेलेल्या माणसाला तिथून परत येता येत नाही, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात अभिमान वाटत होता. मादामने हे माझ्याकडून ऐकलं. ती क्रोशाने चर्चच्या वेदीचं कापड विणत होती. तिने एक टाका चुकवला, उसवला, आणि म्हणाली, "उसका मर्जी."

त्याच सुमारास एक पत्र आलं. एका प्रदर्शनात यंत्रं दाखवायला मुंबईला आलेल्या सोव्हिएत मंडळींत एक आर्मेनियन इंजिनियर होता. तो 'मुंबईतील आर्मेनियन समाजाला' तासभर भेट देणार होता. दोन्ही मंडळांनी स्वीकृतीची पत्रं दिली, दोन्ही मीच टाइप केली. पाहुणा एकच, त्यामुळे बऱ्याच निरोपानिरोपीनंतर चहा वर आणि जेवण खाली असं ठरलं. दोघांनीही स्वागतपत्र लिहिलं होतं. वरच्यात राष्ट्राचा जन्म लाल सैन्याबरोबर होत होता, खालच्यात त्याच दिवशी मृत्यू. मी दोन्हींवर एकच शिक्का मारला.

भेटीच्या दिवशी नेमका हरताळ पडला. सकाळी गाडीने पाहुण्यांना वाडीच्या तोंडाशी सोडलं आणि ती निघून गेली. मागोमाग ट्राम बंद झाली, दुकानांच्या फळ्या पडल्या, नाक्यावर पोलीस उभे राहिले. गोळीबाराचे दिवस होते ते. आई आप्पांना गॅलरीतही उभं राहू देत नव्हती. त्यामुळे तासाभराची भेट दिवसभराची झाली. पाहुणे दोन होते. इंजिनियरचं नाव वाहान, पंचविशीतला, बारीक, कोट त्याच्या मापाचा नव्हता. दुसरा त्याच्या सोबतीला दिलेला, गोल चेहऱ्याचा, हसरा, हातात वही. तोही आर्मेनियनच होता. वाहान एक वाक्य बोलला की हा त्याच्याकडे बघायचा, आणि मग वाहान पुढचं वाक्य बोलायचा.

वर चहा झाला. हेरंबकाकांनी उभं राहून स्वागतपत्र वाचलं, मग खाली बसून अगदी हळू आवाजात विचारलं, "मी येतोय. तुमचा सल्ला काय?" वाहानने कपात बघितलं. म्हणाला, "या. सगळं आहे." त्यांची एवढी भाषा मला कळायला लागली होती. सोबत्याने मान डोलावली. एवढ्यात आप्पा नकाशाची गुंडाळी काखेत मारून वर आले. शाळा बंद होती, आणि परदेशी इंजिनियर आलाय म्हटल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. त्यांनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे राज्यं भाषेवर केली आहेत, हे खरं का? सोबती म्हणाला, अर्थातच, प्रत्येकाला आपापलं. आप्पा फार खूश झाले. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या चित्राकडे गेलं. दोन बर्फाच्या शिखरांचा डोंगर, हेरंबकाकांच्या खोलीत होता तसाच मादामच्या खोलीतही.

"हा डोंगर कुठे आला?" आप्पांनी विचारलं.

"आमच्या राजधानीतून दिसतो," सोबती म्हणाला.

"दिसतो. पण आहे कुठे?"

"दिसतो फार छान."

"म्हणजे आहे सीमेपलीकडे."

सोबत्याने वही मिटली. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "आमचं कारवार." मग त्यांनी नकाशा उलगडून त्याला पाऊण तास कारवार समजावलं. तो माणूस अतिशय सभ्यपणे ऐकत होता. खालून मोर्चाची घोषणा आली तेव्हा आप्पांनी त्याला विचारलं, मुंबई कोणाची? तो म्हणाला, "कामगारांची." हे खिडकीतून खाली कळलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी खाली जेवण. तिकडे द्राक्षाच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळून शिजवतात. गिरगावात द्राक्षाची पानं कुठली मिळायला, म्हणून मादाम अळूची वापरायची. पहिल्यांदा तिने ती तशीच केली तेव्हा घरभर सगळ्यांचे घसे खवखवले होते, मग आईने तिला चिंचेचा कोळ लावायला शिकवलं. आई त्या दिवशी तिच्या मदतीला होतीच. हेरंबकाका खाली येणार नव्हते. ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले, म्हणजे ते खालच्या मजल्यावर नव्हते आणि वरच्यावरही नव्हते. मी त्यांची बशी तिथे नेऊन दिली.

वाहानने पहिला घास घेतला आणि तो एकदम वेगळ्याच भाषेत काहीतरी बोलला. मादामचा हात भांड्यावरच थांबला. ती भाषा दुसरी नव्हती, आर्मेनियनच होती, पण वानकडची गावठी बोली. त्याची आई तिथली. तो स्वतः बैरूतला जन्मलेला, आणि पंधरा वर्षांचा असताना आईबरोबर बोटीतून मायदेशी गेलेला. सोबत्याला त्या बोलीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि इस्फहानी वळणाचं आर्मेनियन बोलणाऱ्या हेरंबकाकांनाही नाही. मला हा प्रकार लगेच उमजला. मामाला कळू नये असं काही असलं की आई आणि मावशी कारवारी कोंकणीत बोलत, आणि अगदी लहानपणापासून दादरला नातेवाइकांकडे वाढलेला मामा बघत बसे. वाहान जेवता जेवता बोलत राहिला, चेहरा हसतमुख, आवाज एकसारखा. मादामही हसतमुख. फक्त त्याच्या भरल्या बशीत ती पुन्हा पुन्हा वाढत होती. सोबत्याने विचारलं तेव्हा वाहानने सांगितलं, "या पदार्थाची कृती विचारतोय." सोबती म्हणाला, मलाही सांगा, माझ्या बायकोला आवडेल. मग वाहान त्या बोलीत काहीबाही बोलायचा, मधेच थांबून त्याला सांगायचा, पानं उलटी ठेवायची, आणि सोबती वहीत लिहायचा. चिंचेचं किती, असं त्याने दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी गाडी आली आणि ते गेले. मादामने मला आत बोलावलं, दार लावलं, आणि तिच्या मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत सांगितलं. वाहान म्हणाला होता, वर जो म्हातारा आहे त्याला येऊ देऊ नका. आम्ही गेलो तेव्हा बंदरावर बँड वाजला आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी आम्हाला 'ते बाहेरचे' म्हणू लागले. आमच्या उच्चारांच्या नकला काढून हसत. आमच्या इमारतीतल्या चार कुटुंबांना एका सकाळी मालगाडीत घालून थंडीच्या मुलखात नेलं, का ते कुणालाच कळलं नाही. माझी आई बैरूतच्या बाजाराची आठवण काढते आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवते. एवढं सांगून मादाम म्हणाली, "तू बोल उसको. मी बोलली तर तो समजेल, माझी पार्टी बोलते."

मी वर गेले आणि सगळं सांगितलं. हेरंबकाकांनी ऐकून घेतलं. मग मायेने म्हणाले, "कुंदा, तुला तिने पाठवलं ना?"

"पाठवलं. पण खरं आहे ते."

"त्या पोराने माझ्या तोंडावर सांगितलं, सगळं आहे. तू ऐकलंस."

"त्याच्याबरोबर तो दुसरा होता ना, काका."

"आणि खाली कोण होतं? तोच दुसरा होता. त्याच्यासमोर कोण असलं बोलेल?"

मी बोलीचं सांगितलं, वहीचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, गेली सहा वर्षं ही बाई मला पत्रांतून हेच सांगत आलीय, आता फक्त पाहुण्याच्या तोंडी घातलंय. ज्या एका माणसाला खरं कळलं होतं, त्याच माणसाचं खरं ते मानणार नव्हते. आज माझी नात फोनवर कसले कसले निरोप दाखवते आणि विचारते, आजी, हे खरं का? मी तिला आधी विचारते, कुणी पाठवलंय? आणि विचारल्यावर माझी मलाच लाज वाटते.

तीन दिवस मादाम खोलीबाहेर आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी वर बसून हेरंबकाकांचं शेवटचं संमतीपत्र टाइप करत होते. ते सही करणार आणि मी ते टपालात टाकणार, एवढंच उरलं होतं. जिना वाजला. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच वर येत होती. अंगावर चर्चला जायचा काळा झगा, केस नीट बांधलेले. हेरंबकाका उभे राहिले, आपण का उभे राहिलो हे त्यांनाच कळलं नसावं.

मादाम इंग्रजीत बोलली, बहुधा मला कळावं म्हणून. "हरांत, तू जा. मी चुकत होते. त्या मुलाने मला सगळं सांगितलं. धरणं आहेत, शाळा आहेत, सगळे सुखी आहेत. तोच आपला देश आहे. ते जुनं प्रजासत्ताक, ते..." इथे तिला थांबावं लागलं. "ते काही खरं नव्हतं. तू लवकर जा. मी घरमालकाशी बोलले आहे. हा मजला मी क्रोशाच्या क्लासला घेते."

ती भिंती बघत होती. एका खिडकीशी जाऊन म्हणाली, "इथे उजेड चांगला आहे."

हेरंबकाका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, मग ट्रंकेकडे. खाली वाडीत कोळीण पापलेट पापलेट ओरडत होती.

"कोण म्हणालं मी जातोय?" ते म्हणाले.

"तूच म्हणालास."

"मी विचार करत होतो. माणसाने विचारही करू नये? आणि क्लासला म्हणजे काय? हे बिऱ्हाड माझ्या भावाचं आहे."

"तिथे धरणं आहेत," मादाम म्हणाली.

"धरणं मला काय करायची आहेत? मी पेट्या दुरुस्त करतो." त्यांनी टाइपरायटरमधला कागद माझ्या बोटांखालून ओढून घेतला. "तू मला हाकलतेस, सिरानुश. सहा वर्षं वाट बघून तू मला हाकलतेस."

ती जिना उतरली. मी थोड्या वेळाने खाली गेले तेव्हा ती पलंगावर बसली होती, हातात त्या डोंगराचं चित्र, पालथं. मी विचारलं, "मादाम, तुम्ही असं का बोललात?" ती म्हणाली, "वो मेरे को मानता नहीं. उलटा मानता है." आणि मग, पहिल्यांदाच माझ्यासमोर, ती रडली. जे प्रजासत्ताक तिने सहा वर्षांच्या वयापासूनच्या सगळ्या मेलेल्यांच्या नावाने जपलं होतं, ते खरं नव्हतं असं तिने आपल्या तोंडाने म्हटलं होतं, आणि तेही इंग्रजीत.

पण एकदा बोललेलं निभावावं लागतं. ती पुन्हा जुनं बोलू लागली असती तर हेरंबकाकांना डाव कळला असता आणि ट्रंक परत भरली गेली असती. म्हणून मादामने तिकडचं सरकारी मासिक लावलं आणि दर महिन्याला ते दारात बसून सगळ्यांना दिसेल असं वाचू लागली. लाल सैन्याचा दिवस तिने पाळला, वाडीत केक वाटला. यावर हेरंबकाका गप्प कसे बसणार? हिला एवढा पुळका आलाय म्हणजे त्या सरकारात काहीतरी खोट असणार, असं म्हणून त्यांनी जुनी पुस्तकं काढली, आणि वर्षभरात ते अडीच वर्षांच्या प्रजासत्ताकाचे कट्टर पुरस्कर्ते झाले. त्याचा तिरंगा त्यांनी शिवून घेतला. लाल, निळा आणि नारिंगी. नारिंगी पट्टा भगवा समजून आमच्या वाडीने त्याला मनापासून नमस्कार केला. आता वरच्या मंडळाची पत्रं खालच्या मंडळाच्या जुन्या पत्रांसारखी आणि खालची वरच्यासारखी. मला मजकूर पाठ होता, मी फक्त पत्ते बदलायची.

यथावकाश मुंबईसह महाराष्ट्र झाला. आप्पांनी मामाला मिठी मारली, पेढा भरवला. मामा म्हणाला, "भावोजी, मिळाली ना मुंबई? आता कारवार सोडा." तेव्हापासून ते पुन्हा बोलेनासे झाले. माझं लग्न होऊन मी परळला गेले, एका कचेरीत टायपिस्ट झाले, पण महिन्यातून एक रविवार दोन्ही मंडळांना देत राहिले. दीर-भावजय आता मोठमोठ्याने भांडत, म्हणजे निदान एकमेकांशी बोलत.

मादाम त्या जेवणानंतर बारा वर्षांनी गेली. फोर्टातल्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये आमच्या चाळीतली पंधरा माणसं होती आणि आर्मेनियन एक. घरी आल्यावर हेरंबकाका तिच्या खोलीत बसले. कोपऱ्यात मासिकांची चळत छातीपर्यंत आली होती. त्यांनी एक अंक उघडला. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. ती आकडे पाठ करायची, वाद घालायला. ते बराच वेळ पानं उलटत होते. मग म्हणाले, "कुंदा, त्या दिवशी जेवताना तो पोरगा तिला काय बोलला होता?"

मी म्हटलं, "तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

"परत सांग."

मी बैरूतचा बाजार सांगितला, मालगाडी सांगितली, येऊ देऊ नका म्हणाला ते सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे ती मला हाकलत नव्हती."

"नाही, काका."

ते पुन्हा त्या चळतीकडे बघू लागले. वरच्या अंकावर एक बाई ट्रॅक्टरवर बसून हसत होती.

"बिचारीने हे सगळं वाचलं," ते म्हणाले.